चार डेसिबल

मायर प्रॉसरच्या आधी तिचा अँप्लिफायर दुकानात आला,
भावाच्या खांद्यावरून, चौकटीत अडकत, शिव्या खात.
बाहेर रोंड्डाच्या खोऱ्यात तीनलाच दिवे लागलेले.
मी सोल्डरिंगची लोखंडी कांडी स्पंजावर पुसली.

डिलविन गेला, म्हणाली, पर्थला, मुलीकडे.
आता सोलो माझ्याकडे.

सव्वीस वर्षं ती त्याच्या मागे कॉर्ड वाजवत उभी होती,
खाणीतल्या लाकडी टेकूसारखी :
छत कोसळलं नाही
म्हणून कुणी टेकूकडे पाहिलं नाही.

सोलो घेते तर कुणाला ऐकूच येत नाही.
बटण वाढवते तर गुरगुरतं.
मोठ्याने बोलायला गेले
की भांडतेय असं वाटतं लोकांना.
मला मोठं कर, हाउएल.
वेगळी नको करूस.

तिने वाजवून दाखवलं.
स्वच्छ, किंचित थंड स्वर,
धुतलेल्या काचेच्या ग्लासाला नख लागावं तसा.
मग बटण आठावर नेलं,
आणि व्हॉल्व्ह तापले, सुराच्या कडा फाटल्या;
हातात गिटार तीच, आवाज कुणा भलत्याचा.

मी म्हटलं, एरवी गिटार सातवर ठेव,
सोलोला दहा कर.
तिने सात केलं. वरचा सगळा उजेड गेला,
घोंगडी पांघरून बोलावं तसं.
तिथे एक कपॅसिटर जोडला, तांदळाच्या दाण्याएवढा,
वरच्या बारीक सुरांना निसटायला फट ठेवली.
सातवर आता ती सातवरही मायर होती.
पण दहावर पुन्हा तेच भांडण.

दुखणं दारातच होतं.
दारात ढकललं की आत चेंगराचेंगरी.
अँप्लिफायर उलटा फिरवला :
पाठीवर दोन भोकं, घेतल्यापासून कोरी,
आत एका कोळ्याचा संसार.
सूर जिथे घडून पुरा होतो
आणि अजून स्पीकरकडे निघालेला नसतो,
त्या मधल्या बोळात एक डबी बसवली,
साबणाच्या वडीएवढी, एकच बटण, एकच दिवा.
घडलेल्याला हात लावायचा नाही.
फक्त चार डेसिबल. पायाने.

आणि एरवी हळू वाजव, म्हटलं.
भरल्या घागरीत आणखी ओतलं
तर पाणी वाढत नाही,
फरशी ओली होते.

हे बाकीच्यांनाही सांग.

शेवटचं तिने सांगितलं की नाही, मला ठाऊक नाही.

शनिवारी कामगार क्लबात बिंगोनंतर त्यांची पाळी.
तिसऱ्या गाण्यात ती जागा आली.
मायरचा बूट डबीवर आला. थांबला.
मला मागच्या टेबलावरून दिसला, तपकिरी, झिजलेला,
रेल्वेच्या फाटकापाशी थबकलेल्या माणसासारखा.

मग हिरवा दिवा लागला.

आणि ब्लेद्दिनने, ज्याने उभ्या आयुष्यात
कधी हळू ढोल वाजवला नव्हता,
झांजा मिटून घेतल्या.
ऑर्गनवाल्या मिफॅन्वीने डावा हात उचलून
मांडीवर ठेवला, झोपलेल्या मांजरासारखा.
त्या रिकाम्या जागेत
काचेचा तो ग्लास वाजला. चौदा बार.

बारपाशी पाठ करून बसलेला एक म्हातारा वळला.
कोण गं ते?
ग्लास पुसता पुसता पोरगी म्हणाली,
मायर. आणखी कोण?

चारच डेसिबल. मी मोजून दिले होते.
खोलीत त्याहून जास्त भरले;
माझ्या मीटरवर त्याचा हिशेब लागत नाही.

सोलो संपला. ती पुन्हा कॉर्डांवर आली,
आणि डबी बंद करायला विसरली.
उरलेलं गाणंभर ती
गायकापेक्षाही मोठी वाजत राहिली,
हिरवा दिवा तसाच.

मी हात वर करून खूण करणार होतो.
ब्लेद्दिनने माझ्याकडे पाहून मान हलवली :
राहू दे.